लकव्याआधीचा ताप

लकवा मारल्यापासून साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे, हे आज वैद्यकीय विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. आपण ज्या विषयात शिरतो आहोत, तो नेमका या पाठांतराला अपवाद आहे. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला असेल आणि त्यातूनच मेंदूची रक्तवाहिनी तुंबली असेल, तर ते इंजेक्शन द्यायचे नाही. रुग्ण वेळेत पोचला असला तरीही नाही.

याचे कारण त्या गुठळीतच आहे. झडपेवर प्लेटलेट, फायब्रिन आणि जंतू यांचे थर साचून लोंबती गाठ तयार होते. तिचा तुकडा सुटून मेंदूत जातो, तो रक्तवाहिनी अडवतोच, शिवाय तिच्या भिंतीतही संसर्ग नेतो. भिंत कमकुवत होते, कधी तिला फुगा येतो. त्यात गुठळी विरघळवणारे औषध पडले, की मेंदूत रक्तस्रावाची भीती कैक पटींनी वाढते.

विल्यम ऑस्लर यांनी १८८५ साली लंडनमधल्या व्याख्यानांत या आजाराचे चित्र रेखीवपणे मांडले. उपचार मात्र तेव्हा कुणाच्याच हाती नव्हता. १९४४ मध्ये ब्रुकलिनच्या लिओ लोव यांनी सलग सात रुग्ण बरे केल्याचे प्रसिद्ध केले. गंमत अशी, की त्यांनी पेनिसिलिनच्या जोडीला रक्त पातळ करणारे हेपारिनही दिले होते. पेनिसिलिन टिकले, हेपारिन मागे पडले.

यवतमाळच्या डॉक्टरांनी यात का पडावे? लहानपणी घसा दुखून पुढे संधिवाताचा ताप आला आणि झडप कायमची बिघडली, अशी माणसे आपल्याकडे अजून ऐन तिशीत भेटतात. उमरखेडहून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरच्या वर, तिथून नागपूर आणखी सुमारे दीडशे. जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढणे संसर्ग असतानाही शक्य असते, पण त्याला कॅथलॅब आणि सराईत हात लागतात. म्हणून रुग्णाला पहिल्यांदा हात लावणाऱ्या डॉक्टरचे प्रश्न मोलाचे. गेले काही आठवडे बारीक ताप होता का? वजन उतरले का? झडपेचा आजार कुणी सांगितला होता का? मग स्टेथोस्कोप छातीवर, आणि अँटिबायोटिकच्या आधी वेगवेगळ्या ठिकाणांहून रक्ताचे तीन कल्चर. तापासाठी आधीच दोन दिवस गोळ्या खाऊन आलेल्या रुग्णाच्या कल्चरमध्ये पुष्कळदा काहीच उगवत नाही. यंत्रे नसल्याने होते त्याहून अधिक नुकसान या सवयीने होते, असे माझे मत आहे.

कल्चर घेतल्यावर मात्र अँटिबायोटिकला उशीर नको. नवे तुकडे सुटण्याचा धोका त्याच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांतच बराच उतरतो. शिरेतून औषध चार ते सहा आठवडे चालते.

खरा वाद शस्त्रक्रियेचा. मेंदूत रक्तस्राव नसेल आणि झडपेला गरज असेल, तर थांबू नये. मोठा रक्तस्राव असेल तर निदान चार आठवडे थांबावे, असा आजचा कल आहे. पण हृदयच निकामी होत चालले असेल, तर चार आठवडे आणायचे कुठून? हृदयशल्यविशारद, मेंदूविकारतज्ज्ञ आणि संसर्गाचे जाणकार यावर अजून हिरिरीने भांडतात. नव्या वाचकाने आधी त्या भांडणात येऊन बसावे. बाकीची प्रकरणे नंतर वाचली तरी चालतील.