ओढाळ चित्त आणि दोन याद्या : खानदेशातून पाहिलेला एक इतिहास

१/
फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’चा आरंभ झाला. मुलांमध्ये तपासावयाच्या ३० दोष-व्याधींची यादी त्यात आहे आणि अतिचंचलतेचा, म्हणजे एडीएचडीचा, तीत स्पष्ट उल्लेख आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारांची यादी आहे. तीत हे नाव आढळत नाही. जळगाव-धुळ्याच्या शाळेत ज्या मुलाचे चित्त बाकावर ठरत नाही, त्याची मदत या दोन याद्यांच्या मधोमध अडकते. हे अंतर कसे पडले, हे या धाग्यात पाहू.

२/
प्रथम संज्ञा. लक्ष फार काळ न टिकणे, सतत चुळबुळ, विचाराआधी कृती होणे, ही याची मुख्य लक्षणे. मेंदूच्या विकासाशी निगडित अशी ही अवस्था आहे. तिचा अर्थ बुद्धी कमी आहे असा होत नाही. मुलाला उत्तर ठाऊक असते, पण अर्धा पेपर कोरा राहतो. अशा मुलांसाठी आपल्याकडे शब्द पूर्वीपासून होते : वांड, द्वाड, ढ. या शब्दांपुढे उपाय म्हणून छडी उभी असे.

३/
युरोपातही आरंभ निराळा नव्हता. १७९८ मध्ये अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश वैद्याने अवधानाच्या अस्थिरतेचे वर्णन केले. १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये तीन व्याख्याने दिली. बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरू न शकणारी मुले त्याने त्यांत मांडली. त्याने दिलेले नाव होते ‘नैतिक नियंत्रणाचा दोष’. निरीक्षण वैद्याचे असले, तरी शब्द नीतीचा होता.

४/
त्या १९०२ मध्ये खानदेश हा धुळे मुख्यालय असलेला एकच जिल्हा होता. पश्चिम खानदेश (धुळे) आणि पूर्व खानदेश (जळगाव) अशी विभागणी १९०६ ची. मन आवरणे हा येथेही शिस्तीचा आणि साधनेचा विषय मानला जाई. याची एक विलक्षण नोंद धुळ्यातच सापडते, आणि तीही तुरुंगात.

५/
१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचन दिले. २१ फेब्रुवारी ते १९ जून, असे अठरा रविवार. सहाव्या अध्यायावरील प्रवचनाचा विषय होता चित्ताची एकाग्रता. ती साधावी कशी, याचा विचार करताना अभ्यास आणि वैराग्य यांच्यासोबत बालकाला गुरू मानण्याविषयीही विनोबा बोलले. ही प्रवचने लिहून घेणारे सहबंदी होते साने गुरुजी.

६/
साने गुरुजी तेथे येण्यापूर्वी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. शाळेचे वसतिगृहही त्यांच्याकडे होते. मुलांसाठी ते हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढीत आणि मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत. त्यांच्या विद्यार्थ्यांत कोणाला आजचे कोणते निदान लागू झाले असते, हा प्रश्न इतिहासाने विचारू नये. एवढे मात्र नोंदवावे की छडीखेरीज दुसरी वाट खानदेशात होती. ती एका माणसाच्या स्वभावावर उभी होती. माणूस गेला की वाटही जाई. पुढील शतकाचे काम ही वाट नियमात आणण्याचे होते.

७/
दरम्यान वैद्यक पुढे गेले. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना बेन्झेड्रिन या उत्तेजक औषधाने काही मुलांचे वर्गातील काम सुधारल्याचे दिसले. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात १९८० मध्ये अवधान-अभाव हे नाव आले आणि १९८७ मध्ये त्याला अतिचंचलतेची जोड मिळाली. नीतीचा शब्द जाऊन विकासाचा शब्द आला.

८/
भारतात १९७४ मध्ये केंद्राने अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत शिकवण्याची एकात्म शिक्षण योजना आणली. १९९५ चा अपंग व्यक्ती अधिनियम आला तेव्हा त्यात सातच प्रकार होते. अंधत्व, श्रवणदोष, हालचालीचे अपंगत्व असे दिसणारे वा मोजता येणारे प्रकार प्रामुख्याने त्यात होते. वाचताना अक्षरे अडखळणारे मूल त्यात नव्हते. लक्ष न टिकणारेही नव्हते.

९/
या बाबतीत महाराष्ट्राने लवकर पाऊल उचलले. १९९६ मध्ये राज्य शासनाने अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या : जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, गणकयंत्राची मुभा. पण सवलतीला प्रमाणपत्र हवे, आणि तपासणीची प्रमुख केंद्रे मुंबईत होती : शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, केईएम आणि नायर. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. तपासणी एका बैठकीत उरकत नाही. शेतमजुराने मजुरी बुडवून या फेऱ्या किती वेळा कराव्यात? कागदावर समान असलेला हक्क अंतराने असमान होतो.

१०/
डिसेंबर २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला आणि ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द घरोघरी पोहोचला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली. छडी बेकायदा ठरली. छडीच्या जागी काय करावे, हे मात्र वर्गशिक्षकाला कोणी पुरेसे शिकवले नाही.

११/
आता पुन्हा त्या दोन याद्या. २०१३ च्या आरोग्य-कार्यक्रमात पथकाने शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून किमान एकदा जाऊन मुले तपासावीत आणि शंका आल्यास पुढे पाठवावे, अशी रचना आहे. म्हणजे धडगाव असो वा चोपडा, मूल ओळखण्याचे दार निदान शाळेपर्यंत आले.

१२/
२०१६ च्या अधिनियमाने ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ प्रथमच यादीत घेतली. कलम १६ नुसार शाळेने ती लवकर ओळखावी. कलम १७ नुसार जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट असे बदल करता यावेत. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळे आणि १४ व १८ व्या वर्षी फेरतपासणी होत असे. अतिचंचलता आणि अध्ययन-अक्षमता पुष्कळदा एकत्र आढळतात; अशा मुलाला दुसऱ्या नावाच्या आधाराने सवलत मिळते. ज्याला केवळ पहिलीच अडचण आहे, तो उंबरठ्यावर राहतो.

१३/
कायद्यातच एक खिडकी मात्र आहे. दिव्यांग व्यक्तीची मूळ व्याख्या यादीहून व्यापक आहे : दीर्घकालीन दुर्बलता, आणि अडथळ्यांमुळे समाजातील सहभागात येणारी आडकाठी. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच व्याख्या प्रमाण मानली. ४० टक्क्यांची मर्यादा आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. परीक्षेतील वाजवी सोय त्या मर्यादेवर अवलंबून नाही, असा त्याचा आशय. तो खटला लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराचा होता. त्यातील तत्त्व अतिचंचल मुलाच्या पालकालाही मांडता येते.

१४/
आज धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावचे २०१८ चे. मुंबईची फेरी हाच एक मार्ग, असे आता म्हणता येणार नाही. पालकांनी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, शाळा-तपासणीच्या पथकाकडे मुलाचे नाव द्यावे आणि गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकाची चौकशी करावी. आणि वर्गातील काही गोष्टींना कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही : पुढच्या बाकावर जागा, एका वेळी एकच सूचना, मोठ्या कामाचे लहान तुकडे, मध्येच उठून फळा पुसण्याची परवानगी.

१५/
असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) शाळेत गेल्या नव्हत्या. मनाचा ओढाळपणा मात्र त्यांनी शेतातल्या गुराढोरांच्या भाषेत नेमका ओळखला. ओढाळ गुरू पिकात शिरले की खानदेशी शेतकरी त्याला हाकलतो, पण त्या एका दोषापायी गोठ्याबाहेर काढत नाही. शाळेकडून मागणे आहे ते एवढेच.