जयपूरच्या वेधशाळेतील रीत

जयपूरचा जंतरमंतर पाहावयास जाणारा प्रवासी बहुधा सम्राट यंत्राच्या उंचीनेच दिपून जातो. सुमारे 27 मीटर उंचीची ती तिरपी भिंत डोळ्यांत भरते, यात नवल नाही. परंतु ज्या विद्येच्या आधारावर सवाई जयसिंहाची ज्योतिषसाधना उभी होती, तिच्यात एका महाराष्ट्रीय पंडिताचा मोठा वाटा होता, हे थोड्यांनाच ठाऊक असते. जगन्नाथ सम्राट हे त्यांचे नाव. त्यांनी अरबी भाषा आत्मसात केली आणि नसीरुद्दीन तूसीच्या अरबी पाठांवरून युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या ग्रंथात व टॉलेमीचे ज्योतिष ‘सिद्धांतसम्राट’ या ग्रंथात संस्कृतात आणले.

या पंडिताचे स्मरण आज करण्यास एक निमित्त आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संगणकीय विचाराचा पुरस्कार केला आणि सहावी ते आठवीच्या टप्प्यात मुलांना कोडिंगची ओळख व्हावी असे म्हटले. तेव्हापासून पुष्कळ पालकांना वाटते की, ही विद्या यंत्रात आहे. यंत्र विकत घेतले की ती घरात येईल. मला तसे वाटत नाही. एखादा अवघड प्रश्न अशा पायऱ्यांत मांडावयाचा की, त्याचे मर्म न जाणणाऱ्यानेही त्या क्रमाने चढल्या तर त्याला बिनचूक उत्तर मिळावे, ही खरी विद्या. ती यंत्राहून फार जुनी आहे.

‘रेखागणिता’चे पंधरा अध्याय आहेत. सातव्यापासून संख्यांचा विचार सुरू होतो, आणि तेथे दोन संख्यांचा महत्तम साधारण विभाजक काढण्याची युक्लिडची रीत येते. समजा, 84 हात लांब व 36 हात रुंद अंगणात एकही न फोडता चौरस फरश्या बसवावयाच्या आहेत. मोठ्यात मोठी फरशी केवढी चालेल? मोठ्या संख्येतून लहान वजा करा. जी बाकी उरेल ती आणि ती लहान संख्या यांचेही तसेच करा. दोन्ही सारख्या झाल्या की थांबा. 84 मधून 36 गेले, 48 उरले. पुन्हा 36 गेले, 12 उरले. मग 36 मधून 12 दोनदा वजा केले की दोन्हीकडे 12. फरशी 12 हातांची. (एवढी फरशी उचलणार कोण, हा प्रश्न गवंड्याचा!) आर्यभटाच्या कुट्टकातही अशीच उत्तरोत्तर बाकी काढण्याची युक्ती आहे. आज कोडिंग शिकणाऱ्याला जे आरंभीचे धडे देतात त्यांत हीच रीत असते, कारण एकच कृती पुन्हा पुन्हा करणे आणि कोठे थांबावयाचे ते आधीच सांगून ठेवणे, या दोन्ही गोष्टी तीत आहेत. नवशिका चुकतो तो बहुधा दुसरीत.

आता 1734 च्या सुमारास पुऱ्या झालेल्या त्या वेधशाळेकडे वळू. सम्राट यंत्राची तिरपी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे; म्हणून तिची सावली दोन्ही बाजूंच्या वर्तुळखंडांवर सारख्या वेळात सारखे अंतर चालते. अवघड गणित चुन्यादगडात कायमचे बसवून टाकले; पाहणाऱ्याने नुसता आकडा वाचावा. कडेचा कोन स्थळाच्या अक्षांशाइतका ठेवावा लागतो: जयपुरास सुमारे 27 अंश, दिल्लीस साडेअठ्ठावीस, उज्जयिनीस 23. नियम एकच, गावाप्रमाणे आकडा बदलावयाचा. बीजगणितातील अक्षराचे कामही याहून वेगळे नसते.

मला स्वतःला याहून जयप्रकाश यंत्र अधिक आवडते. जमिनीत खोदलेल्या दोन संगमरवरी वाट्या. वर ताणलेल्या तारांमधील कड्याची सावली आत पडते आणि सूर्याचे स्थान दाखविते. वाटी सलग केली तर निरीक्षकाने उभे कोठे राहावयाचे? म्हणून प्रत्येकीत एकाआड एक पट्टे वगळून तेथे वाट ठेवली आहे, आणि एकीत जेथे वाट आहे तेथे दुसरीत संगमरवर आहे. सावली एका वाटीत वाटेवर गेली की दुसरीकडे जावे. एक अडचण दोन अर्ध्यांत वाटून सोडविली आहे.

आणि पडताळा? जयसिंहाने आधी पितळी यंत्रे करविली. परंतु ती लहान पडतात, त्यांचे आस झिजतात, केंद्र ढळते, हे ध्यानात आल्यावर तो दगडाकडे वळला. फादर मान्युएल द फिगेरेदो या जेझुइटाबरोबर त्याने 1727 मध्ये पोर्तुगालास माणसे धाडली. तेथून आलेली ला हीरची कोष्टके त्याने प्रत्यक्ष वेधांशी ताडून पाहिली, तेव्हा चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाचा फरक आढळला. परदेशची म्हणून त्याने ती डोळे मिटून स्वीकारली नाहीत, की परदेशची म्हणून फेकूनही दिली नाहीत.

त्याच्या दगडांनाही मर्यादा होतीच. सूर्य बिंदू नव्हे, बिंब आहे. त्यामुळे एवढ्या मोठ्या यंत्रावर सावलीची कड काही सेंटीमीटर अंधुक पसरते. दोन दोन सेकंदांच्या खुणा कोरल्या खऱ्या, पण त्या अंधुक पट्ट्यात नुसत्या डोळ्यांना त्यांचा उपयोग होत नाही. तेथे बारीक दोरा धरावा आणि त्याच्या सावलीवरून कडेची जागा ठरवावी; मगच आकडा वाचावा.