कूपरेजची तालीम, ऐजॉलचा विजय

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी विषय सांगितला आणि समितीतील एका बुजुर्ग सदस्यांनी भुवया उंचावल्या. फुटबॉल हा इतिहास कसा काय, असे त्यांचे म्हणणे. मोगलकाळ, सर सय्यद अहमद खान, खिलाफत चळवळ यांवर लिहावे, मुलांना उपयोग होईल. त्यांचा मान राखून मी एवढेच म्हटले की, जो प्रकार या शहरात १८९१ पासून चषकासाठी खेळला जात आहे त्याला इतिहास म्हणण्याइतके वय नक्कीच झाले आहे. त्यांनी हसून परवानगी दिली. ती परवानगी हाती धरूनच हा लेख लिहीत आहे.

१८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला. पहिली अनेक वर्षे तो गोऱ्या पलटणींच्या हातातच राहिला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला आणि पलटणींची मक्तेदारी मोडली. १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने तो नेला. पुढे १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी तो कुणाला हात लावू दिला नाही. ओव्हल मैदानाजवळच्या कूपरेजवर हे सामने होत. गिरणगावात जीव कबड्डीवर आणि क्रिकेटवर असला, तरी परळच्या सेंट झेवियर्स मैदानावर जिल्हा लीगचे सामने होत आले आहेत. रोव्हर्सच्या दिवसांत आमच्याकडचे शौकीनही कूपरेजची वाट धरीत. माझे वडील त्यांतलेच एक. हा चषक २०००-०१ च्या हंगामानंतर बंद पडला.

त्या पोलीस संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर होते. हे मी मुद्दाम सांगतो. १९०९ साली जन्मलेल्या या माणसाने शाळेत शिकवले, मैदानात शिकवले आणि भारतीय संघाला १९५१ व १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवून दिले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांच्या हाताखालच्या संघाने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले, त्यात मुंबईच्या मैदानांवर खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये असे करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. १९६२ मध्ये जकार्त्यात बचावपटू जर्नेलसिंग डोक्याला दुखापत घेऊन फिरत होता. रहीमसाहेबांनी त्याला मागे न ठेवता आघाडीला खेळवले, आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धच्या दोन गोलांपैकी एक त्यानेच केला. पुढच्याच वर्षी जूनमध्ये रहीमसाहेब गेले. जखमी खेळाडूला जागा बदलून उपयोगात आणणे आणि मागच्या बाकावरच्या मुलाला फळ्यापाशी बोलावणे यांत मला फार अंतर दिसत नाही. असो.

मला सांगायचा आहे तो सामना अलीकडचा, २२ एप्रिल २०१७ चा, आणि तो झाला मिझोरमची राजधानी ऐजॉल येथे. मुंबईच्या मास्तराने इतक्या दूरच्या सामन्याबद्दल का लिहावे? कारण त्या दिवशी यजमान संघाच्या बाकापुढे अस्वस्थपणे येरझारा घालणारा माणूस मुंबईचा होता. खालिद जमील हे त्याचे नाव.

जमील यांचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. पण खेळाडू म्हणून ते घडले मुंबईत. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफ.सी. या तीन मुंबईकर संघांतून ते मध्यफळीत खेळले आणि भारताच्या संघातही त्यांची वर्णी लागली. या तिन्ही संघांचे पुढे काय झाले ते येथेच सांगून टाकतो. महिंद्रने डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. मुंबईच्या वाट्याला आलेले ते पहिले राष्ट्रीय लीग विजेतेपद. अवघ्या चार वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने तो संघ बंद केला. एअर इंडियाचा संघ २०१३ नंतर राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला. तिसऱ्याची कथा पुढे येईलच.

मुंबई एफ.सी. २००७ मध्ये निघाला. डेव्हिड बूथ या इंग्रज प्रशिक्षकाने त्याला दुसऱ्या श्रेणीतून वर आणले. २००९ मध्ये बत्तीस वर्षांच्या जमील यांनी बूट उतरवून प्रशिक्षकाची शिटी गळ्यात घातली आणि सात वर्षे ती उतरवली नाही. संघाकडे पैसा बेताचा. कूपरेजची दुरुस्ती चालू असताना काही काळ घरचे सामनेसुद्धा पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले. अशा संघाने विजेतेपद मिळवावे अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. अपेक्षा एकच, की खालच्या श्रेणीत घसरू नये. जमील यांनी ती सातही वर्षे पुरी केली.

आमच्या भाषेत याला काठावर पास म्हणतात. निकालाच्या दिवशी शाळेत पेढे येतात ते नव्वद टक्केवाल्यांच्या घरून. वर्गात जो पोरगा सहामाहीला चार विषयांत गडगडला होता आणि वार्षिकला पस्तीस-छत्तीस गुणांवर पार पडला, त्याच्यासाठी कुणी हार आणत नाही. त्याच्या मास्तरासाठी तर नाहीच. पण पहिला मुलगा कुठल्याही वर्गात पहिला आला असता, हे आम्ही शिक्षक मनातून जाणतो. आमची खरी मेहनत त्या पस्तीसवाल्यावर झालेली असते. आधी पाया सावरायचा, नको त्या चुका बंद करायच्या, येणारे प्रश्न पक्के करून घ्यायचे. जमील यांच्या मुंबईचा खेळ नेमका असाच होता. आधी आपल्यावर गोल होऊ द्यायचा नाही, मग संधीची वाट पाहायची. मी बी.एड. करीत असताना चर्चगेटला उतरून कूपरेजवर त्यांचे सामने पाहिले आहेत. शेजारी बसणारे लोक कंटाळून शिव्या घालीत, "हा काय फुटबॉल आहे?" म्हणत. खरे सांगायचे तर मीही कधी कधी कंटाळलो.

२०१६ मध्ये क्लब आणि प्रशिक्षक यांचे मार्ग वेगळे झाले. जमील ऐजॉलला गेले. त्यांच्याबरोबर मुंबई एफ.सी.तून खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही गेले.

आता ऐजॉलची गंमत पाहा. २०१५-१६ च्या आय-लीगमध्ये हा संघ नऊ संघांत आठवा आला होता. नववा पुण्याचा डी.एस.के. शिवाजियन्स, पण थेट प्रवेशाच्या अटींमुळे त्याला घसरणीपासून सूट होती. म्हणून शेवटचा नसतानाही ऐजॉल खाली गेला. एवढ्यात देशाच्या फुटबॉलची नवी रचना मान्य नसल्याने गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतले, जागा रिकाम्या झाल्या आणि ऐजॉलला परत बोलावणे आले. नापास झालेल्या मुलाला पुरवणी यादीत प्रवेश मिळावा, तसा हा प्रकार. संघात बहुतेक मिझो मुले, गोव्याचा गोलरक्षक अल्बिनो गोम्स, सीरियाचा महमूद अल् अमना, लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान आणि मुंबईचे हे दोघे.

दहा संघांच्या त्या लीगमध्ये अठरापैकी सोळा सामने झाले तेव्हा गुणतक्त्यावर दोन संघ ३३-३३ गुणांवर उभे होते. एक कलकत्त्याचा मोहन बागान, ज्याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना, आणि दुसरा ऐजॉल. सतराव्या फेरीत दोघांची गाठ ऐजॉलच्या राजीव गांधी स्टेडियमवर पडली. बागानकडे हैतीचा सोनी नॉर्दे, जपानचा कात्सुमी युसा. शिवाय मिझोरमचा सर्वांत नावाजलेला खेळाडू जेजे लालपेखलुआ हाही त्या हंगामात बागानच्याच वहीत होता. घरचाच मुलगा शेजारच्या शाळेतून मेरिटमध्ये यावा, तशी यजमानांची स्थिती.

तो शनिवार होता. आमच्या शिक्षक-खोलीत वार्षिक परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे पडले होते. मी नवीनच नोकरीला लागलेला. सातवीचे पेपर पिशवीत घालून मी परळला मामूंच्या घरी गेलो, कारण तो सामना दाखवणारे चॅनल त्यांच्याकडे लागत असे. मामू क्रिकेटवाले. त्यांनी विचारले, "अरे, हे ऐजॉल म्हणजे नक्की कुठे?" मी नकाशा समजावू लागलो आणि ते पाच मिनिटांत झोपी गेले.

ऐंशी मिनिटे गोल नाही. बरोबरी झाली असती तर सगळा निकाल शेवटच्या दिवसावर गेला असता. ऐजॉलचा खेळ पाहताना मला सारखे कूपरेज आठवत होते. तीच शिस्तीतली बचावफळी, तीच घाई न करण्याची सवय. फरक इतकाच की येथे कुणी कंटाळले नव्हते. डोंगरावरच्या त्या मैदानात सगळा गाव श्वास रोखून बसल्यासारखा दिसत होता. ८३ व्या मिनिटाला बचावपटू झोमिंगलियाना राल्टे पुढे आला आणि त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. १-० हाच निकाल कायम राहिला. मी ओरडलो, मामू दचकून उठले आणि सातवीचे पेपर पलंगाखाली पसरले. त्यातला एक दुसऱ्या दिवशी सापडला. मुलाला ३४ पडले होते. मी पुन्हा तपासला, एका उत्तराचा अर्धा भाग माझ्याकडून सुटला होता.

ऐजॉलला आता एकाच गुणाची गरज होती. ३० एप्रिलला शिलाँग लाजाँगविरुद्ध ते नवव्याच मिनिटाला मागे पडले. दिपांडा डिका याने गोल केला. तिकडे बागान आपला सामना जिंकत होता. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली आणि सामना १-१ असा संपला. ऐजॉल ३७, बागान ३६. ईशान्येतला कोणताही संघ याआधी देशाचा लीग विजेता झाला नव्हता.

त्याच हंगामात, त्याच गुणतक्त्याच्या अगदी तळाशी मुंबई एफ.सी. होता. संतोष कश्यप यांना हंगामाच्या मध्यावर बदलून स्पेनच्या ऑस्कर ब्रुझोन यांना आणले, तरी संघ सावरला नाही. आठ वर्षे टिकवलेली श्रेणी गेली आणि पाठोपाठ क्लबही बंद झाला. पुण्याचा शिवाजियन्सही त्याच वर्षी थांबला. सगळा दोष प्रशिक्षक बदलण्याला देता येणार नाही, कारण पैशाचा ओघ तोवर नव्या इंडियन सुपर लीगकडे वळला होता. परंतु दरवर्षी काठावर पास होणारा मुलगा आपोआप पास होतो, असा समज कुणाचा तरी झाला असावा, असे मला राहून राहून वाटते.

जमील पुढे ईस्ट बंगाल, नॉर्थईस्ट युनायटेड, जमशेदपूर अशा संघांकडे गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची भारतीय संघाचे प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. ती बातमी मी शाळेच्या फलकावर खडूने लिहिली. मधल्या सुट्टीत नववीचा एक मुलगा आला आणि म्हणाला, "सर, हे आपल्या मुंबईचेच ना? मग आपल्याकडे कुठला संघ शिकवायचे?" मी त्याला नाव सांगितले. त्याने ते ऐकलेले नव्हते.