गाऱ्हाण्याची भाषा

कुडाळात कुणी नवीन दुकान मांडले, कुणाचा मुलगा परमुलखात निघाला, कुणाच्या घरातले दुखणे हटेना, की देवापुढे गाऱ्हाणे घातले जाते. नारळ ठेवतात. एखादा जाणता माणूस मोठ्या आवाजात, आडपडदा न ठेवता, देवाला सगळे सांगत जातो आणि दर वाक्याला भोवतालची माणसे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून हुंकार देतात. घाटावरच्या मराठीत गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. आमच्या मालवणीत तोच शब्द प्रार्थनेलाही चालतो. देवाकडे तक्रार घेऊन जाण्यात इथे कुणाला वावगे वाटत नाही. मात्र जायचे ते एकट्याने नाही, ‘व्हय’ म्हणणारी चार माणसे बरोबर हवीत.

मराठी ख्रिस्ती उपासनेच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या नव्या वाचकाला मी या शब्दाच्या दारातून आत नेतो. संकटात देवावर भरवसा ठेवणे म्हणजे मुकाट्याने सोसणे, अशी एक समजूत प्रवचनांनी आणि भिंतीवरच्या तसबिरींनी पसरवली आहे. मूळ ग्रंथांत आणि प्रत्यक्ष उपासनेत डोकावले की दिसते ते वेगळेच. तिथे माणसे बोलतात, विचारतात, भांडतात.

पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेपासूनच सुरुवात करू. तिच्यात १५० स्तोत्रे आहेत. हेर्मान गुंकेल या जर्मन अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची प्रकारवार वर्गवारी केली, तेव्हा सर्वांत मोठा गट निघाला तो विलापाचा. साधारण एक तृतीयांश स्तोत्रे गाऱ्हाणी आहेत. देवाला हाक, मग दुःखाचे वर्णन, मग मागणे आणि बहुधा शेवटी, कधी कधी अगदी अचानक, विश्वासाचा उद्गार, असा त्यांचा घाट असतो. ८८व्या स्तोत्रात मात्र तो उद्गारही येत नाही. ते अंधारातच संपते. तरीही ज्यांनी ही संहिता जुळवली त्यांनी ते गाळले नाही. ईयोबाच्या ग्रंथात तर देवाची बाजू घेऊन ईयोबाला उपदेश करणारे मित्रच शेवटी देवाच्या रोषाला पात्र ठरतात. देव बरोबर ठरवतो तो भांडणाऱ्या ईयोबाला.

मराठी वाचकाला हे परके वाटायचे कारण नाही. १६३०च्या भीषण दुष्काळात घरची माणसे गेलेल्या तुकोबांनी विठ्ठलाशी जे भांडण मांडले, ते आपण अभक्ती म्हणून नव्हे, भक्तीची कमाल म्हणूनच वाचतो. ‘करुणा’ आणि ‘आळवणी’ हे शब्द आपल्याकडे आधीपासून होते. ख्रिस्ती उपासना मराठीत आली ती या तयार घरात.

ती आली मात्र सरळ वाटेने नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि चाळीस वर्षे तिथेच राहून १६१९ मध्ये वारला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्याच्या पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वरू (सर्ग), मिळून जवळपास अकरा हजार ओव्या. भाषा मराठी, तीत कोंकणीची मिसळ, आणि लिपी रोमन. देवनागरी खिळे पाडण्याची त्याची फार इच्छा होती, पण ती पुरी झाली नाही. या ग्रंथाची चौकटच मला अभ्यासाला मोलाची वाटते. गोव्यातल्या साष्टीच्या चर्चमध्ये धर्मशिक्षण चालले असता नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण उठून विचारतो, आमची जुनी पुराणे तर गेली, मग आम्ही वाचायचे तरी काय? म्हणजे हे अवघे पुराण एका गाऱ्हाण्याचे उत्तर आहे. पहिला शब्द भक्ताचा, तोही तक्रारीचा.

ती पुराणे गेली कशी, हे विसरून पुढे जाता येत नाही. साष्टीतली हिंदू देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. गोव्यात धर्मन्यायालय १५६० मध्ये आले आणि, मधली काही वर्षे सोडली तर, १८१२ पर्यंत चालले. १६८४ मध्ये स्थानिक भाषा तीन वर्षांत टाकून पोर्तुगीज बोलू लागा, असा हुकूम निघाला. ज्या छपराखाली ही ओवी गायली गेली, त्याच छपरातून हे सारे निथळत होते. या क्षेत्रातले काही जुने लेखन हा भाग चटकन ओलांडते, काही नवे लेखन याखेरीज दुसरे काही पाहतच नाही. मला दोन्ही आळशीपणाचे वाटतात. धर्मन्यायालय, कर, साथी आणि दुष्काळ यांना कंटाळून जी ख्रिस्ती कुटुंबे तेरेखोल नदी ओलांडून सावंतवाडी संस्थानात आली किंवा दक्षिणेला कानडा मुलखात गेली, ती ख्रिस्ती सत्तेपासून दूर जातानाही ख्रिस्त आणि आपली बोली दोन्ही घेऊन गेली. संकटातल्या विश्वासाचा यापेक्षा गुंतागुंतीचा नमुना कुठे मिळेल?

कानड्यातल्या मंगळूरकडच्या ख्रिस्ती लोकांना टिपू सुलतानाने १७८४ मध्ये बंदी करून श्रीरंगपट्टणला नेले. सुटका झाली १७९९ मध्ये, टिपू पडल्यावर. त्या कैदेच्या वर्षांत धर्मगुरू नव्हते, संस्कार नव्हते, आणि ‘क्रिस्तपुराणा’च्या ओव्यांनी माणसांना तगवले, अशी त्या समाजाची आठवण आहे. १९०७ मध्ये मंगळूरलाच जे. एल. सालदान्हा यांनी या ग्रंथाची रोमन लिपीतली आवृत्ती काढली. देवनागरी मराठी वाचकापर्यंत तो पोचायला १९५६ उजाडले. शांताराम बंडेलू यांच्या आवृत्तीने ते काम केले. ज्या भाषेत ग्रंथ लिहिला, तिच्या लिपीत तो छापून यायला तीनशे चाळीस वर्षे लागली. एवढ्या काळात तो टिकला त्याचे बरेचसे श्रेय गळ्यांना आहे, म्हणून माझा आग्रह असा की ओव्या मोठ्याने वाचाव्यात. मनात वाचलेली ओवी निम्मीच कळते.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदलते. कॅथलिक किनारा मागे राहतो आणि अहमदनगर, मुंबई, पुणे इथली प्रॉटेस्टंट मिशने पुढे येतात. १८७६ ते १८७८च्या दुष्काळात नगरकडे महार-मांग समाजातली पुष्कळ माणसे ख्रिस्ती झाली आणि ‘पोटासाठी बाटले’ हा शेरा त्यांना कायमचा चिकटला. हा शेरा अभ्यासकाने जसाच्या तसा उचलू नये. ख्रिस्ताने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीचे मागणे आहेच. गावाने विहिरीवर पाणी भरू दिले नाही आणि दुसऱ्या कुणी भाकर आणि अक्षर दोन्ही दिले, तर त्या भाकरीतून उपजलेली श्रद्धा हिणकस, आणि भरल्या पोटी तत्त्वज्ञान वाचून आलेली अस्सल, हे ठरवणारे आपण कोण?

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत तर भूक आणि श्रद्धा वेगळ्या काढताच येत नाहीत. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात तीर्थांमागून तीर्थे हिंडताना आईवडील आणि बहीण गेली, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७चा दुष्काळ पडल्यावर त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. तिथले मुक्ती मिशन त्यातून वाढले. हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवले, आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात बायकांनी छापले. मुलगी मनोरमा १९२१ मध्ये वारली, स्वतः रमाबाई १९२२ मध्ये. पुरे बायबल बाहेर पडले १९२४ मध्ये. त्यांचे हे भाषांतर अवघडलेले आहे, प्रवाही नाही, असे म्हणणारे आहेत आणि ते पुष्कळसे खरे आहे. पण ‘विलापगीत’ भाषांतरित करणारी बाई स्वतः काय काय रडली होती, हे ठाऊक असताना ती पाने मला तरी सपाट लागत नाहीत.

ना. वा. टिळक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, म्हणजे आमचे कोकणातलेच. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. अभंगाला आणि कीर्तनाला चर्चमध्ये मानाची जागा मिळाली त्यात त्यांचा वाटा फार मोठा. त्यांच्यावर भरपूर लिहिले गेले आहे. नव्या वाचकाने मात्र आधी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत. नवरा धर्म बदलून गेला, मग काही वर्षांची ताटातूट, मग हळूहळू आपलाही बाप्तिस्मा. हे सगळे त्या रडत-हसत सांगतात. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते पुढे लक्ष्मीबाईंनीच पुरे केले. त्यांच्या लेखी देव हा घरातला एक वडीलधारा माणूस आहे. त्याचा मान राखायचा आणि वेळ आली तर त्याला खडसवायचेही.

आता परत आमच्याकडे. २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला. वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने दवाखाना चालवला, आणि तिथल्या वैद्यकीय मिशनरी दांपत्याच्या पोटी १९१९ मध्ये जन्मलेला रॉबर्ट गोहीन पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. ही नोंद अभिमानाने सांगण्याजोगी असली तरी आपल्या विषयाचा गाभा तिच्यात नाही. तो आहे वाडीतल्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी. संध्याकाळी मेणबत्त्या लागतात, तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणून होतो, मग लदीन सुरू होते. एक जण मरियेच्या आणि संतांच्या नावांची माळ ओढत जातो, बाकीचे दर नावाला एकच विनंती परतवतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत उपासना लॅटिनमध्ये असे. अर्थ कळायचा मोजक्यांना, पण आपण कुठे हुंकार भरायचा हे प्रत्येकाला पक्के ठाऊक असायचे. गाऱ्हाण्याच्या ‘व्हय म्हाराजा’शी या लदिनीचे ऐतिहासिक नाते आहे असा माझा दावा नाही. एक युरोपातून आली, दुसरे इथल्या गावऱ्हाटीतले. पण या मातीतल्या माणसाच्या कानाला दोन्हींचा ठेका ओळखीचा लागला असेल आणि म्हणून लदीन इथे रुजली असेल, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

या ठेक्याचे एक काम असते. ज्याच्या घरी नुकतेच कुणी गेले आहे, त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. त्या संध्याकाळी त्याच्या वाटची विनंती शेजारीपाजारी म्हणतात. तो फक्त उभा राहतो. एप्रिल २०२० मध्ये चर्चची दारे बंद असताना झालेल्या ईस्टरला नेमके हेच हरवले होते. मिस्सा मोबाइलवर दिसत होती, पण हुंकार द्यायला शेजारी कुणी नव्हते.

तेव्हा वाचायला भरपूर आहे, आणि पुस्तकांच्या याद्या मिळतीलच. त्याआधी जमल्यास मे महिन्यात या. कुडाळ स्टेशनवर उतरून सावंतवाडीकडे किंवा वेंगुर्ल्याकडे जाताना वाटेत एखाद्या वाडीत लदीन असल्याचे कळले, तर मागच्या रांगेत उभे राहा. वही बाहेर काढू नका. लदीन संपल्यावर कुणीतरी उकडलेले चणे पुढे करील, ते ओंजळीत घ्या आणि ज्याच्या शेजारी उभे होता त्याला विचारा, आज लदीन कोणासाठी होती.