चिल्लर नाकारण्याच्या हक्काची कुळकथा

दहा हजार रुपयांची, एकेक रुपयाची नाणी वजनाला जवळजवळ ३८ किलो भरतात. २०११ साली आलेल्या रुपयाचे वजन ३.७९ ग्रॅम आहे, त्यावरून हा हिशेब. चाकणमध्ये अशी चिल्लर साठण्याच्या जागा पुष्कळ: एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या गेटबाहेरच्या चहाच्या टपऱ्या, तळेगाव चौकातले रिक्षावाले, आठवडे बाजारातले भाजीवाले, देवळांच्या दानपेट्या. मोबाइलवर पैसे देण्याच्या दिवसांतही ती साठतेच. मग माणूस पिशवी घेऊन बँकेच्या खिडकीशी जातो आणि त्याला ऐकावे लागते, "चिल्लर घेत नाही." कधी मोजायला माणूस नसतो, कधी ठेवायला जागा नसते. अधिकारी थोडा अभ्यासू असला तर तो कायदा सांगतो: नाणी एक हजार रुपयांपर्यंतच घ्यायची असतात.

हे तिसरे कारण ऐकून ग्राहक गप्प बसतो. कायदा म्हटल्यावर बोलायचे काय? पण हा हजाराचा आकडा कुठून आला आणि तो नेमका कोणासाठी आहे, हे कळले तर गप्प बसण्याचे कारण उरत नाही.

समोर आलेले नाणे नाकारण्याचा हक्क बँकांपेक्षा फार जुना आहे. पेशवाईत सगळीकडे चालणारा एकच एक रुपया नव्हता. पुण्याकडे अंकुशी होता, नाशिककडून चांदवडी येई, शिवाय सुरती होता, अर्काटी होता. टांकसाळी सरकारी परवान्यावर सराफ-सोनार चालवत. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७६७ च्या सुमारास, दुलभशेट नावाच्या गृहस्थाला असा परवाना मिळाला आणि चिंचवडला टांकसाळ चालू झाली. आज जिथे वाहनांचे सुटे भाग तयार होतात त्या पट्ट्यात तेव्हा नाणी पाडली जात, ही गोष्ट इथल्या फार थोड्यांना माहीत असते.

इतक्या जातीचे रुपये एकत्र फिरत असताना पारख करणारा माणूस लागतोच. तो म्हणजे पोतदार. सरकारी खजिन्यात येणारे नाणे तो वाजवून बघे, तोलून बघे, शंका आली तर कसाला लावी. सारा कोणत्या रुपयात घ्यायचा हे ठरलेले असे. शेतकऱ्याने दुसराच रुपया आणला, किंवा रुपया झिजलेला, शिक्के मारून मारून जुना झालेला निघाला, तर त्यावर बट्टा बसे. म्हणजे हातात रुपया असूनही तो पूर्ण रुपया धरला जात नसे. या व्यवहारात सराफाचे साधले आणि कुणब्याचे नुकसान झाले, हे खरेच. तरीही पोतदाराच्या नकाराला आधार होता. रुपयाची किंमत त्यातल्या चांदीत होती, आणि चांदी कमी असेल तर किंमत कमी धरण्यात गैर काही नव्हते. शिवाय पोतदार नुसते "घेत नाही" म्हणून मोकळा होत नसे, तो बट्टा किती ते सांगे. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. त्यानंतरही इंग्रजांनी काही वर्षे पुण्यात अंकुशी रुपया पाडला, कारण लोकांचा विश्वास त्यावर होता. मग १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. या रुपयावर सराफाचा बट्टा चालणार नव्हता. छाप सरकारी आहे, वजन भरते आहे, मग तो घ्यायचाच. पारख करण्याचा हक्क पोतदाराच्या हातून निघाला आणि कायद्याच्या पुस्तकात गेला.

त्याच वर्षी तांब्याच्या नाण्यांसाठी दुसरा कायदा झाला आणि त्यात आपल्या हजाराच्या आकड्याचे मूळ आहे. तांब्याची नाणी रुपयाच्या अपूर्णांकापुरतीच कायदेशीर, असे त्यात ठरले. चार आण्यांचे देणे पैशांत फेडता येईल, चाळीस रुपयांचे फेडता येणार नाही. कल्पना इंग्लंडमधून आली होती. तिथे १८१६ च्या कायद्याने सोन्याला मुख्य नाणे ठरवले आणि चांदीच्या नाण्यांना ४० शिलिंगांची मर्यादा घातली. त्यामागचा विचार साधा होता. ज्या नाण्यातल्या धातूची किंमत छापील किमतीपेक्षा कमी, ते सुट्ट्या पैशांच्या सोयीसाठी असते. ते एखाद्या सावकाराच्या दारात पोत्याने ओतून कर्ज फिटले म्हणणे अन्यायाचे ठरेल. मर्यादा आली ती घेणेकऱ्याचे रक्षण करण्यासाठी. (आपल्याकडची तांब्याची शिवराई या कायद्यांना पुरून उरली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही देशावरच्या बाजारांत ती चालत होती.)

पुढे रुपयाचीच परिस्थिती बदलली. चांदीचे भाव कोसळले आणि १८९३ साली सरकारने टांकसाळी खासगी चांदीला बंद केल्या. तोवर कोणीही चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. त्यानंतर रुपयाची किंमत चांदीपासून सुटली आणि केवळ सरकारच्या शब्दावर उभी राहिली. तरीही १९०६ च्या नाणे कायद्याने रुपयाला मर्यादा घातली नाही. मर्यादा होती ती लहान नाण्यांना. रुपयाची नाणी कितीही रकमेसाठी कायदेशीर होती, आणि १९५७ चे दशमान नाणे येऊन गेले, रुपया चांदीचा निकेलचा आणि मग पोलादाचा झाला, तरी ही तरतूद टिकली.

एक हजाराची मर्यादा आली २०११ च्या नाणे कायद्याने. तो २०१२ च्या मार्चमध्ये लागू झाला. त्याच्या सहाव्या कलमात एक रुपया व त्यावरची नाणी एक हजार रुपयांपर्यंत, आणि अर्ध्या रुपयाचे नाणे दहा रुपयांपर्यंत कायदेशीर चलन ठरवले आहे. म्हणजे खिडकीवर जो नियम अनादिकालापासून चालत आल्यासारखा सांगितला जातो, त्याचे वय फारसे नाही.

आणि हे कलम आहे देणे फेडण्याविषयी. मी दुकानदाराचे पाच हजार देणे लागतो आणि पाच हजारांची चिल्लर त्याच्यासमोर ओतली, तर तो हजारावरची नाणी नाकारू शकतो. बँकेत पैसे जमा करणारा मात्र बँकेचे देणे फेडत नसतो. उलट तोच बँकेला पैसे देऊन तिचा घेणेकरी होत असतो. रिझर्व्ह बँकेने हे स्पष्ट करून ठेवले आहे की ग्राहकाने खात्यात नाणी भरण्यावर कोणतीही मर्यादा नाही. आणि बँकांना तिची कायमची सूचना आहे: काउंटरवर आलेली कमी किमतीची नाणी व नोटा कोणत्याही शाखेने नाकारू नयेत. मोजायला वेळ लागतो, या तक्रारीचाही विचार त्यात आहे. एक आणि दोन रुपयांची नाणी वजनावर घ्यावीत, किंवा शंभर-शंभर नाण्यांच्या प्लास्टिक पिशव्यांत घ्यावीत, आणि त्या पिशव्या काउंटरवर ठेवून ग्राहकाला द्याव्यात. वजनावर! पोतदाराचा तराजू दोनशे वर्षांनी परत आला आहे, आणि या वेळी तो ग्राहकाच्या बाजूने आहे.

कर्जाच्या हप्त्याची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे बँक खरोखरच घेणेकरी असते. त्यावर सरळ उपाय हा की चिल्लर आधी बचत खात्यात भरावी आणि हप्ता खात्यातून जाऊ द्यावा.

मग शाखा नाणी का टाळतात? कर्मचारी आळशी असतात असे मी म्हणणार नाही. बऱ्याच शाखांत माणसे खरोखर कमी आहेत. खरे कारण व्यवस्थेत आहे. ग्राहकांना नाणी वाटल्याबद्दल बँकांना रिझर्व्ह बँकेकडून पिशवीमागे मोबदला मिळतो. सप्टेंबर २०२१ पासून तो २५ रुपयांवरून ६५ रुपये झाला. मोबदला आहे तो नाणी बाहेर देण्यासाठी. आत आलेल्या नाण्यांच्या वाट्याला मोजणी, साठवण आणि वाहतूक एवढेच येते. भोसरी-चाकण पट्ट्यात पगार खात्यात जमा होतो, पण चहा, वडापाव आणि शेअर रिक्षा यांतून नाणी रोज फिरत राहतात. ती परत बँकेत गेली नाहीत तर टपरीवाल्याचे भांडवल डब्यात अडकून पडते.

त्यात दहा रुपयांच्या नाण्याने भर घातली. २०११ साली रुपयाच्या नव्या चिन्हाचे नाणे आले आणि त्यावरच्या रेषा दहा की पंधरा, यावरून पुढे खोट्या-खऱ्याची अफवा पसरली. नोटाबंदीच्या दिवसांत, नोव्हेंबर २०१६ मध्ये, रिझर्व्ह बँकेने खुलासा केला. जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा सांगावे लागले की तोवर आलेली चौदाही प्रकारची नाणी खरी आहेत. तरीही राज्याच्या कितीतरी भागांत ते नाणे दुकानदार घेईनासे झाले, आणि "बँकच घेत नाही" हे त्याचे कारण सांगितले गेले. खिडकीवरचा एक नकार गावभर पसरतो तो असा.

म्हणून चाकणच्या, भोसरीच्या, राजगुरुनगरच्या प्रत्येक छोट्या व्यावसायिकाला माझे आग्रहाचे सांगणे आहे. नाणी शंभर-शंभरच्या पिशव्यांत घालून न्या. शाखेने नकार दिला तर वाद न घालता तो लेखी मागा, आणि लेखी मिळत नसेल तर आपली तक्रार लिहून द्या व पोच घ्या. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार करता येते. तिला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.