विळ्याची धार आणि आपली हिरवळ

आपल्या आवारातली हिरवळ तीन वर्षांपूर्वी पिवळी पडली होती, आठवतंय ना? कमिटीत खत की पाणी यावर वाद रंगला. आपल्या माळीदादांनी गवताचं एक पातं उपटून मला दाखवलं. "साहेब, हे कापलेलं नाय, ओरबाडलंय." मशीनची धार गेली होती.

हे ढकलायचं मशीन इंग्लंडच्या एडविन बडिंगने १८३० साली काढले. लोकरी कापडावरचे तंतू छाटणारे गिरणीतले यंत्र पाहून त्याला ते सुचले, असे सांगतात. फिरणारी वळणदार पाती आणि खालचे स्थिर पाते यांच्यात गवत कात्रीसारखे कापले जाते. धार बोथट झाली किंवा पाती नीट जुळली नाहीत, की गवत फाटते आणि टोके वाळतात.

माळीदादांनी पात्यांना धारेची पेस्ट लावून रीळ उलटे फिरवले, पुसून काढले, खालचे पाते स्क्रूने जुळवले. मग कागदाची पट्टी घालून पाहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती स्वच्छ कापली गेली. सगळी सकाळ गेली. मी तेव्हा खजिनदार. गवत कापलेच नाही, म्हणून मी त्यांची अर्ध्या दिवसाची हजेरी कापली!

"आमचा आजा गवत कापायचा, साहेब," एवढंच ते म्हणाले.

मग मला लाज वाटली. पावसाळा सरला की आपल्या डहाणू-तलासरी पट्ट्यातले गवत वारली मजूर विळ्याने कापत. ते मुंबईला विकले जाई. पैसा जमीनदार-व्यापाऱ्यांचा, मजुरांच्या वाट्याला वेठ. २३ मे १९४५ रोजी झरी गावी शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या सभेला हजारो वारली जमले आणि वेठ नाकारली गेली. त्याच वर्षी गवतकापणीचा संप झाला. मागणी काय, तर ५०० पौंड गवताला अडीच रुपये! १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले.

बँकेत आयुष्यभर हिशेब केले, पण गवताचा हा हिशेब मी उशिरा शिकलो. पुढच्याच मीटिंगमध्ये कापलेली मजुरी परत दिली. तेव्हापासून धार लावायचा दिवस पूर्ण हजेरीत धरतो. नव्या कमिटीनेही तो तसाच धरावा, ही विनंती.