अक्षराने हिरे जुळत नाहीत

अंगठीतला मधला हिरा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे लहान हिरे एकाच रंगाचे हवेत, म्हणजे सर्टिफिकेटच्या कागदावरचं रंगाचं अक्षर एकच हवं, हा समज आता सराफी पेढीवर आणि गिऱ्हाइकाच्या घरी सारखाच रुजला आहे. मधला 'जी' तर बाजूचेही 'जी'. ज्याचा हात थोडा सैल असेल त्याला पुढचा सल्ला मिळतो: बाजूचे 'ई' किंवा 'एफ' घ्या, अंगठी उजळून निघेल. यातलं पहिलं मत अर्धवट आहे आणि दुसरं साफ उलटं.

पूर्वपक्ष मात्र दुबळा नाही, तो नीट मांडला पाहिजे. डोळा फसतो आणि दुकानातले दिवे त्याला आणखी फसवतात. अशा वेळी त्रयस्थ माणसाने ठरावीक उजेडात, नमुन्याचे हिरे शेजारी ठेवून दिलेला निवाडा मानावा, हे म्हणणं रास्तच आहे. अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेने १९५३ साली 'डी' (सर्वांत पांढरा) ते 'झेड' (उघड पिवळसर) ही श्रेणी आणली ती याचसाठी. त्याआधी बाजारात 'रिव्हर', 'वेसलटन', 'केप' अशी नावं चालत, आणि 'ए', 'डबल ए' ही अक्षरं जो तो आपल्या सोयीने लावी. जुन्या अक्षरांशी घोळ नको म्हणून नवी श्रेणी 'डी'पासून सुरू झाली. तिने व्यवहाराला शिस्त लावली, यात वाद नाही.

वाद आहे तो ते अक्षर नेमकं काय मोजतं याबद्दल. रंग ठरवताना हिरा पालथा ठेवतात: सपाट तोंड खाली, टोक वर, आणि नजर बाजूने. तोंडाकडून पाहिलं तर पैलूंची चमक रंगावर मात करते, म्हणून ही खबरदारी. पुडी उघडून बसलेला व्यापारी तेच आपल्या पद्धतीने करतो. चिमट्यात धरलेल्या हिऱ्यावर तो तोंडाची वाफ सोडतो. क्षणभर तेज मरतं, अंगचा पिवळेपणा उघडा पडतो, आणि वाफ विरायच्या आत त्याचा अंदाज झालेला असतो. म्हणजे बोटावर जे दिसणार, ते मुद्दाम बाजूला सारून हे अक्षर दिलेलं असतं. सुट्या हिऱ्याची किंमत ठरवायला ही पद्धत उत्तम आहे. अंगठीत मात्र हिरा तोंड वर करून बसतो.

मग आकाराचा प्रश्न येतो. एक कॅरटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद असतो, तर दहा सेंटचा, म्हणजे कॅरटच्या दहाव्या भागाचा, तीन मिलिमीटर. मोठ्या हिऱ्यात प्रकाशाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून तोच रंग त्यात गडद दिसतो. दोघांचं अक्षर 'जी' असलं तरी वरून पाहताना लहानगा अधिक पांढरा भासतो. मध्ये एक कॅरटचा गोल 'जी' असेल तर बाजूचे पाच-दहा सेंटचे गोल हिरे 'एच' किंवा 'आय' घेतले तरी चालतात. पुष्कळदा तेच जास्त जुळतात.

शिवाय प्रत्येक अक्षर म्हणजे एक पट्टा असतो. 'जी'च्या तळाचा हिरा आणि 'एच'च्या माथ्याचा हिरा यांच्यातलं अंतर 'जी'च्याच दोन टोकांमधल्या अंतराहून कमी असू शकतं. त्यात छटेचा घोळ निराळा. ही श्रेणी पिवळसर हिऱ्यांना लागू आहे तशी तपकिरी झाक असलेल्यांनाही. जीआयए तपकिरी रंगाचा शब्दांत उल्लेख करते तो 'के'पासून खाली. 'जे'पर्यंत कागद त्याबद्दल गप्प असतो. त्यामुळे एक पिवळसर 'जे' आणि एक तपकिरी 'जे' शेजारी बसले की अक्षर एक आणि रंग दोन. बाजारातली जाणती माणसं 'टॉप लाइट ब्राऊन'चा माल वेगळ्या पुडीत ठेवतात, ती उगाच नव्हे.

बरं, आपल्याकडे बाजूचे हिरे विकले जातात ते कसे? मधल्याला स्वतःचं सर्टिफिकेट असतं. बारीक माल 'ईएफ', 'जीएच', 'आयजे' अशा जोडअक्षरांनी जातो. 'सेम टू सेम' म्हणणाऱ्या विक्रेत्याच्या कार्डावरच दोन अक्षरं छापलेली असतात!

आता तो 'बाजूचे जास्त पांढरे घ्या' हा सल्ला. त्याचं उत्तर जवाहिऱ्याकडे नाही, एका रसायनशास्त्रज्ञाकडे आहे. मिशेल शव्रल हा पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात, जिथे भिंतीवर टांगायचे विणलेले चित्रपडदे तयार होत, तिथल्या रंगशाळेचा प्रमुख होता. तिथला काळा रंग कच्चा पडतो, निळ्या-जांभळ्या कापडांच्या सावल्यांत तो फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने काळी लोकर तपासली; तिच्यात खोट नव्हती. खोट होती ती शेजारच्या रंगांत. शेजारी रंग बदलला की आपल्याला दिसणारा रंगही बदलतो, हा नियम त्याने १८३९च्या ग्रंथात सविस्तर मांडला. 'आय' किंवा 'जे'च्या हिऱ्याला एकटं पाहा, पांढराच वाटेल. त्याच्या दोन्ही बाजूंना 'ई' बसवा, आणि त्याचा पिवळेपणा दुसऱ्या टेबलावरूनही ओळखू येईल.

जवाहिऱ्यांना हे ठाऊक नाही असं मुळीच नाही. गडद पिवळ्या हिऱ्याची अंगठी घडवताना ते हेच हत्यार वापरतात: पिवळा हिरा पिवळ्या सोन्याच्या वाटीत, आणि बाजूला प्लॅटिनममधले स्वच्छ पांढरे अर्धचंद्राकार हिरे. पांढऱ्याच्या संगतीने पिवळा आणखी पेटतो. जी युक्ती पिवळेपणा वाढवायला वापरतात, तीच पांढऱ्याच्या नावाने गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची, याला काय म्हणावं?

धातूही गप्प बसत नाही. पिवळ्या सोन्यात बसवलेले बारीक हिरे सोन्याचा रंग उचलतात, मग त्यांच्यासाठी 'ई'चे पैसे कशाला मोजायचे? पांढऱ्या सोन्यावर ऱ्होडियमचा मुलामा असतो; तो झिजला की खालची ऊबदार झाक वर येते आणि जुळणीचा हिशेब पुन्हा बदलतो. आपल्या कुंदनकाम करणाऱ्यांना हे पूर्वापार माहीत होतं. ते खड्याखाली डांक घालत, म्हणजे चकाकता पातळ पत्रा, आणि खड्याचं रूप कोंदणासकट ठरवत.

जिथे अक्षर खरोखर उपयोगी पडतं, ती जागाही सांगायला हवी. पायऱ्यांसारखे लांबट पैलू पाडलेला एमराल्ड कट मध्ये असेल आणि बाजूला निमुळते बॅगेट, म्हणजे लांबट चौकोनी हिरे, असतील, तर रंग झाकायला चमक नसते; खिडकीतून पाहिल्यासारखं आरपार दिसतं. तिथे एका अक्षराचा फरकही खुपू शकतो. सारख्याच मापाच्या तीन हिऱ्यांच्या अंगठीचंही तसंच. अशा ठिकाणी अक्षर एक असावंच, पण तेवढ्यावर भागत नाही: छटा तपासावी आणि फ्लुरोसन्सही, म्हणजे अतिनील किरणांत हिऱ्याचं स्वतः उजळणं. तीव्र निळा फ्लुरोसन्स असलेला हिरा उन्हात जास्त पांढरा दिसू शकतो, आणि मग दुकानात जुळलेली जोडी अंगणात आल्यावर बिनसते.

उरला पुनर्विक्रीचा मुद्दा, जो नेहमी शेवटी काढतात. अंगठी मोडायला नेली की भाव ठरतो तो मधल्या हिऱ्यावर आणि सोन्याच्या वजनावर. बाजूच्या बारीक हिऱ्यांना मिळालं तर किरकोळ मिळतं. त्यांच्या अक्षरावर चढवलेले पैसे परत येण्याची आशा धरू नये. त्यापेक्षा पेढीवर एवढंच सांगावं की मधला हिरा आणि बाजूच्यांच्या दोन-तीन जोड्या मेणाच्या पट्टीत तोंड वर करून रोवा, ज्या धातूत बसवायच्या त्याचा तुकडा शेजारी ठेवा, आणि पट्टी दारापाशी उजेडात, हातभर अंतरावर धरा. जी जोडी नजरेला वेगळी अशी दिसत नाही, ती घ्यावी. कागदावरचं अक्षर त्यानंतर वाचलं तरी चालेल.